मोबाइलवरील जोडधंदा : लेख, आवाज कीं चित्रफीत?

शेतीस जोडधंदा असावा हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं. गाई-म्हशी, कोंबड्या, रेशीम, रोपवाटिका या धंद्यांची माहिती त्यांस आहेच. अलीकडे मात्र आमच्या सभासदांपैकीं अनेक जण एका निराळ्याच जोडधंद्याविषयीं विचारणा करूं लागले आहेत. आपल्यापाशीं असलेलें ज्ञान मोबाइलच्या द्वारें लोकांपुढें मांडावें, आणि जाहिरातींतील वांटा, वर्गणी किंवा आपल्या मालाची विक्री या रूपानें त्याचा मोबदला मिळवावा, असा हा धंदा आहे. तो खोटा नाहीं. त्यावर चरितार्थ चालविणारीं माणसें खेड्यांतहि आहेत. परंतु या विचारणेचा आरंभ बहुधा कॅमेऱ्यापासून होतो. कोणता कॅमेरा घ्यावा, ड्रोन घ्यावें काय, त्यासाठीं कर्ज मिळेल काय, असें विचारतात. विहिरीस पाणी किती आहे हें न पाहतां मोटारीची अश्वशक्ति ठरविण्यासारखेंच हें आहे.

पहिला प्रश्न निराळा आहे. आपणांस जें सांगावयाचें आहे तें डोळ्यांनीं पाहण्याचें आहे, कानांनीं ऐकण्याचें आहे, कीं वहींत उतरून घेण्याचें आहे? चित्रफीत, आवाज व लेख हीं तीन रूपें आहेत. चित्रफितींत पुन्हां लांब व आखूड असे दोन भेद आहेत. प्रत्येकाचा खर्च निराळा, त्यास लागणारा वेळ निराळा, आणि पैसा येण्याची वाटहि निराळी.

पैशाची वाट आधीं पाहूं, कारण तिच्याविषयींच गैरसमज फार आहेत. यूट्यूब अमेरिकेंत २००५ सालीं निघालें, आणि २००७ सालापासून चित्रफिती करणारांस जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा देण्याची प्रथा त्यानें सुरू केली. जानेवारी २०१८ मध्यें या वांट्यास एक अट घालण्यांत आली. चॅनेलास निदान १,००० सबस्क्रायबर असावे (यांस वर्गणीदार म्हणतात, पण ते पैसा देत नाहींत), आणि मागील बारा महिन्यांत लोकांनीं तें चॅनेल मिळून ४,००० तास पाहिलेलें असावें. हे ४,००० तास ऐकावयास सोपे वाटतात. त्यांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटें. आपली चित्रफीत दहा मिनिटांची असली, तरी पाहणारा सरासरीनें चार मिनिटें टिकतो असें धरूं. मग आपल्या चित्रफिती वर्षांत ६०,००० वेळां पाहिल्या गेल्या पाहिजेत. आठवड्यास एक याप्रमाणें पन्नास केल्या, तर प्रत्येकीस १,२०० प्रेक्षक हवेत. हें अशक्य नाहीं. पण पन्नास आठवडे न चुकतां काम केल्यावर आपण फक्त दारापर्यंत पोंचतों, आंत शिरल्यावर काय मिळेल तें पुढेंच आहे. आंत शिरल्यावर चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नापैकीं शेंकडा ५५ आपले व ४५ कंपनीचे. उत्पन्न किती, हें मात्र कोणत्या विषयावर, कोणत्या भाषेंत व कोणत्या देशांतील लोक पाहतात यावर ठरतें. त्याचा भाव कोणी अगोदर सांगूं लागला तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

आखूड चित्रफितींचा हिशेब निराळा आहे. मोबाइलवर बोटानें वर सारीत जे तुकडे पाहतात, त्यांचे तास वरील ४,००० तासांत धरीत नाहींत. त्यांच्यासाठीं अट अशी कीं, ९० दिवसांत १ कोटि वेळां ते पाहिले गेले पाहिजेत. म्हणजे रोजचे १ लक्ष ११ हजारांवर. फेब्रुवारी २०२३ पासून त्यांतहि उत्पन्नाचा वांटा मिळतो, पण तो एकत्र केलेल्या रकमेंतून आपल्या वांटणीस येणाऱ्या भागाच्या शेंकडा ४५ इतका. ज्यास नाचगाणें किंवा थट्टामस्करी करावयाची आहे त्यानें या वाटेस खुशाल जावें. शेतीचें ज्ञान सांगणारानें आखूड तुकडा वानगी म्हणून वापरावा. बाजारांत मूठभर धान्य दाखवून पोत्याचा सौदा होतो; मूठभर धान्यावर घर चालत नाहीं. शिवाय दुसऱ्याच्या जागेंत दुकान थाटण्याचा धोका येथें सर्वांत अधिक. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, आणि ज्यांनीं लक्षावधि अनुयायी केवळ तेथेंच जमविले होते त्यांच्या हातीं त्यांच्यापैकीं एकाचाहि दूरध्वनि क्रमांक उरला नाहीं.

आतां लांब चित्रफीत. हातांनीं करण्याचें कौशल्य ज्यापाशीं आहे त्यास हें रूप योग्य. आंब्याचें कलम बांधणें, द्राक्षाच्या वेलीची छाटणी, पेरणीयंत्राचे फण बसविणें, ठिबकाच्या नळ्यांतील क्षार काढणें, या गोष्टी शब्दांनीं सांगूं गेल्यास चार पानें खर्च होतात आणि तरीहि वाचणारा चुकीच्या डोळ्यावर कात्री चालवितो. हात कोठें धरला, काप किती तिरका घेतला, हें पाहूनच कळतें. २००६ सालीं बंगळुरांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन शाखेंत ‘डिजिटल ग्रीन’ नांवाचा उपक्रम निघाला. त्यांत गांवच्याच शेतकऱ्यांस घेऊन चित्रफिती करीत, व गांवांतील एक मनुष्य त्या लहान जमावास दाखवून मधून मधून थांबवून प्रश्न विचारी. नेहमींच्या विस्तारकार्याशीं तुलना करतां, खर्चाच्या मानानें ही रीत दसपट परिणामकारक ठरल्याचें त्या मंडळींनीं प्रसिद्ध केलें. आम्हांस यांतील एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पाहणारे शेतकरी प्रथम विचारीत, तें हें कीं पडद्यावरचा मनुष्य कोण व कोणत्या गांवचा. पीक कोणतें हा प्रश्न त्यानंतरचा! तेव्हां चित्रफितींत आपलें गांव, जमिनीची जात, पाण्याची सोय व तारीख आरंभींच सांगावी. काळ्या जमिनींतील पाण्याचें वेळापत्रक मुरमाड जमिनीच्या धन्यानें जसेंच्या तसें उचललें, तर दोष सांगणाराकडेहि येतो.

लांब चित्रफितीचा दुसरा एक प्रकार आहे. त्यांत शिकविणें नसून रोजनिशी असते. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत झॅक जॉन्सन नांवाचा मका-सोयाबीनचा शेतकरी २०१६ पासून ‘मिलेनियल फार्मर’ या नांवानें आपल्या शेतावरील रोजचें काम दाखवितो. आज यंत्र बिघडलें, आज पावसानें पेरणी अडली, अशा त्या कथा. शेती न करणारे लोकहि त्या पाहतात. हें रूप बोलक्या माणसाचें आहे. ज्याच्या घरचीं माणसें कॅमेऱ्यासमोर वावरण्यास नाखूष आहेत त्यानें तें हातीं धरूं नये. घरांतील स्त्रियांची संमति विचारल्याशिवाय स्वयंपाकघर जगापुढें मांडण्याची जी रीत कांहीं ठिकाणीं दिसते ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

रूप माणसास कसें शोभावें याचें उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींनीं नातवाच्या मदतीनें २०२० सालीं ‘आपली आजी’ हें पाककृतींचें चॅनेल सुरू केलें. त्या शाळेंत गेलेल्या नाहींत. पाककृति लिहून काढण्यास त्यांस कोणी सांगितलें असतें तर तो धंदा उभाच राहिला नसता. त्यांचें ज्ञान हातांत व बोलण्यांत होतें. नातवानें तें तसेंच उचललें. त्याच वर्षीं त्यांचें चॅनेल कोणीं भामट्यांनीं बळकावलें होतें, तें पुढें परत मिळालें. खात्याची गुप्त खूण एकाच मोबाइलवर व एकाच माणसाच्या स्मरणांत ठेवूं नये, हें त्यावरून आमच्या वाचकांनीं टिपून ठेवावें.

लांब चित्रफितीची खरी किंमत कॅमेऱ्यांत नसून वेळांत आहे. दहा मिनिटांच्या चित्रफितीस चित्रण, कापाकापी व आवाजाची दुरुस्ती धरून नवख्या माणसाचा सबंध दिवस जातो. आणि हा दिवस नेमका हंगामांतच द्यावा लागतो. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलांत व फळछाटणी ऑक्टोबरांत. त्या दिवशीं मजूर आलेले असतात, धन्यास पाणी पिण्यास फुरसत नसते, आणि चित्रण मात्र तेव्हांच झालें पाहिजे. तें चुकलें तर बारा महिने थांबावें लागतें. ज्याच्या घरीं दुसरा हात मोकळा नाहीं त्यानें हा विचार नीट करावा. वाऱ्याचा आवाज ही दुसरी अडचण. उघड्या रानांत बोललेलें शब्द न शब्द वाऱ्यांत वाहून जातें. चांगल्या चित्रापेक्षां स्वच्छ आवाजावर प्रथम खर्च करावा. कॉलरला लावण्याचा साधा माइक त्यासाठीं पुरतो.

आवाजाच्या रूपाकडे आपल्याकडे अजून फारसें लक्ष गेलेलें नाहीं. वस्तुतः शेतकऱ्याचे हात गुंतलेले व कान मोकळे अशी स्थिति दिवसांतून कितीतरी वेळ असते. धारा काढतांना, ट्रॅक्टरवर, ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेंत. गुजराथेंत २००८-०९ च्या सुमारास ‘आवाज ओटलो’ नांवाची सोय करून पाहण्यांत आली. साध्या फोनवरून एका क्रमांकावर बोलावें, आपला प्रश्न ध्वनिमुद्रित करावा, आणि उत्तर ऐकावें. इतरांचे प्रश्न व उत्तरेंहि ऐकतां येत. पुढें या सोयीवर जो अभ्यास झाला त्यांत एक मौजेची गोष्ट निघाली. तुम्हांस शास्त्रज्ञाचा सल्ला हवा कीं शेतकऱ्याचा, असें विचारलें असतां लोक शास्त्रज्ञाचें नांव घेत. परंतु प्रत्यक्षांत शेतकऱ्याच्या तोंडचा सल्ला ऐकल्यावर अधिक माहितीसाठीं ते जास्त संख्येनें फोन करीत. अनुभवी शेतकऱ्याच्या आवाजाची किंमत यावरून कळून येते.

प्रश्नोत्तर हा आवाजाचा खरा प्रांत होय. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली, तिच्यांत चावडीवर येणारे प्रश्न वीस-पंचवीसच, पण वर्षानुवर्षें तेच. वारस नोंद कशी होते, फेरफाराची नोटीस आल्यावर हरकत घेण्यास किती दिवस (पंधरा), बांध कोरल्यास दाद कोठें मागावी. हें समजावून सांगणें आवाजानें उत्तम साधतें, कारण घाबरलेल्या माणसास धीर देणारा सूर कागदावर उतरत नाहीं. मात्र वारस नोंदीस लागणाऱ्या कागदांची यादी आवाजानें सांगणें व्यर्थ. तिसरा कागद ऐकेपर्यंत पहिला विसरतो. ती यादी लिहूनच द्यावी लागते. एकाच विषयाचे दोन भाग दोन रूपें मागतात, तें असें.

आवाजाचा खर्च अत्यल्प. रात्रीं पंखा बंद करून, गोधड्या टांगलेल्या खोलींत बसून मोबाइलवर बोललें तरी भागतें. पण जाहिरातीचा पैसा या वाटेनें आपल्या भाषेंत क्वचितच येतो. म्हणून ज्याच्यापाशीं विकण्यासारखें कांहीं आहे (रोपें, बियाणें, गूळ, सल्ल्याची फी) त्यानें आवाज निवडावा. केवळ ऐकणारांच्या संख्येवर पोट भरण्याची आशा त्यानें धरूं नये.

राहिला लेख. आमचा कल या रूपाकडे आहे हें आम्ही लपवीत नाहीं. ज्याचें आयुष्य नोंदवह्यांत गेलें त्याचा कल दुसरीकडे कसा असणार! तथापि कारणेंहि आहेत. नांगर करणाऱ्या अमेरिकेंतील जॉन डिअरच्या कंपनीनें १८९५ सालीं ‘द फरो’ नांवाचें शेतकऱ्यांचें नियतकालिक काढलें. फरो म्हणजे नांगराचें तास. तें आजहि निघतें. नांगर विकण्यासाठीं नांगराविषयीं न लिहितां शेतीविषयीं लिहावें, ही युक्ति सव्वाशें वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. आपल्या शेजारीं दक्षिण कन्नड जिल्ह्यांतील पुत्तूर येथून १९८८ पासून ‘अडिके पत्रिके’ हें कानडी मासिक निघतें. अडिके म्हणजे सुपारी. लेखणी शेतकऱ्याच्या हातीं द्यावी हा श्री पद्रे या संपादकांचा आग्रह. लिहिणारे बागाइतदार, वाचणारे बागाइतदार. या दोन्ही उदाहरणांत कोणी एका दिवसांत प्रसिद्धीस आलें नाहीं, पण जें जमलें तें दर महिन्यास पुन्हां पुन्हां उपयोगीं पडत गेलें.

लेख कशास योग्य? आंकडे जेथें मुख्य आहेत तेथें. एकरी खर्च, खताच्या मात्रा, फवारणीचें वेळापत्रक, बाजारभावाची तुलना, योजनांच्या अटी. वाचक तो जपून ठेवतो, दुकानांत दाखवितो, शेजाऱ्यास पाठवितो. ई-पत्राच्या द्वारें वर्गणीदारांस लेख पाठविण्याची सोय करणारी सबस्टॅक नांवाची अमेरिकन कंपनी २०१७ पासून आहे. ती वर्गणीच्या शेंकडा दहा घेते. मराठी शेतकरी ई-पत्र कमी उघडतो, म्हणून येथें व्हॉट्सॲपवरील यादी अधिक कामाची. रूप कोणतेंहि असो, अशी यादी स्वतःच्या वहींत अवश्य असावी. उद्यां कंपनी बुडो वा बंदी येवो, वाचक आपल्यापाशीं राहतात.

लेखाचा आणखी एक गुण आहे, आणि तो आमच्या मतें सर्वांत भारी आहे. लेख सुधारतां येतो. यूट्यूबवर एकदां चढविलेल्या चित्रफितीच्या जागीं दुसरी बसवितां येत नाहीं. कांहीं भाग कापून टाकतां येतो, खालीं टीप लिहितां येते, नाहींतर ती सबंध काढून घ्यावी लागते. तोंवर ती गांवोगांव फिरलेली असते. २०१० सालीं युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सांपडला, माल अडकला, आणि बागाइतदारांस मोठें नुकसान सोसावें लागलें. तोंपर्यंत तें द्रव्य अनेकांच्या नित्य वापरांत होतें. अशा वेळीं ‘मी हें वापरतों, तुम्हीहि वापरा’ असें सांगणारी चित्रफीत जर लोकांच्या मोबाइलांत राहिली तर तिचा परिणाम काय होईल याचा विचार करावा. म्हणून औषधांच्या मात्रा आम्ही चित्रफितींत घालूं नयेत असेंच म्हणतों. हात दाखवा, फवाऱ्याचा तोटा दाखवा, चेहऱ्यावर फडकें कसें बांधावें तें दाखवा. मात्रा मात्र तारीख घातलेल्या लेखांत द्या आणि नियम बदलले कीं तो लेख बदला. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, व त्याखालीं डब्याच्या लेबलावर ज्या पिकाचा व किडीचा उल्लेख असतो तेवढ्यापुरतीच शिफारस असते. आपला अनुभव कितीहि चांगला असो, लेबलाबाहेरची गोष्ट हजार लोकांस सांगण्याचा अधिकार त्यानें मिळत नाहीं.

प्रेक्षक वाढले कीं खतें व औषधें करणाऱ्या कंपन्यांचे लोक दाराशीं येतात. फुकट माल देतात, कधीं रोख रक्कमहि देतात. हा पैसा घेण्यास आमची हरकत नाहीं, लपविण्यास आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें फसव्या जाहिरातींविषयीं जून २०२२ मध्यें मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. पैसा किंवा माल घेतला असल्यास तसें स्पष्ट सांगावें लागतें. खोट्या प्रशस्तीबद्दल पहिल्या खेपेस दहा लक्ष रुपयांपर्यंत व पुढें पन्नास लक्षांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यांत आहे. एवढ्या रकमेंत चांगली बागाइत जाईल.

निवड कशी करावी? ज्या रूपांत आपण विचार करतों तेंच प्रथम घ्यावें. शेजारी कांहीं विचारावयास आला असतां आपण त्यास बांधावर नेऊन दाखवितों, ओट्यावर बसवून सांगतों, कीं कागदावर लिहून देतों? हें एक महिना लक्षपूर्वक पाहिल्यास उत्तर सांपडतें. नंतर त्याच एका रूपांत, घरांतील मोबाइलवर, कांहींहि विकत न घेतां सहा कामें करावीं. सहांतील निदान दोन पेरणीच्या किंवा काढणीच्या धांदलींत करावीं. तेव्हां जें जमलें तेंच वर्षभर जमेल. प्रत्येकास किती तास लागले व किती माणसांनीं उलट प्रश्न विचारले हें वहींत टिपावें. किती जणांनीं पाहिलें या आंकड्यापेक्षां उलट प्रश्नांचा आंकडा अधिक बोलका असतो, कारण प्रश्न विचारणाराच पुढें रोपें किंवा गूळ घेतो. सहानंतर प्रश्न आले नाहींत तर रूप बदलण्याआधीं विषय बदलून पाहावा. तिन्ही रूपें एकदम आरंभूं नयेत. एका बैलानें तीन औतें ओढविण्यासारखें तें होईल. आणि जमीन तारण ठेवून कॅमेरा घेण्याचा विचार ज्याच्या मनांत असेल त्यानें वरील ६०,००० चा हिशेब पुन्हां एकदां करावा.

आतां कागदपत्रांविषयीं. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त असतें, म्हणून शेतांत काढलेल्या चित्रफितीचें उत्पन्नहि मुक्त, अशी समजूत कांहीं ठिकाणीं आढळते. ती चुकीची आहे. सातबारा आपला असला तरी जाहिरातीचा पैसा शेतीचा होत नाहीं. तें धंद्याचें उत्पन्न म्हणून निराळें दाखवावें लागतें. त्यासाठीं निराळें बँकखातें ठेवावें. माइक, मोबाइलचा डेटा, विजेचें बिल यांच्या पावत्या जपाव्या. अमेरिकेंतील मराठी मंडळी आपली चित्रफीत पाहतात, तेव्हां त्या पाहण्यापुरत्या उत्पन्नावर तेथील सरकार कर कापतें. यूट्यूबला कराचा तक्ता भरून दिल्यास दोन देशांतील करारानुसार ही कपात शेंकडा १५ होते. न दिल्यास सर्व उत्पन्नावर २४ पर्यंत जाऊं शकते. तक्ता भरण्यास एक संध्याकाळ पुरते. पैसा १०० डॉलर सांचल्याशिवाय बँकेंत येत नाहीं. आणि त्यापूर्वीं, १० डॉलर झाल्यावर, सहा आंकड्यांची खूण असलेलें एक पत्र साध्या टपालानें आपल्या पत्त्यावर येतें. ती खूण भरल्याशिवाय पुढचें काम अडतें. तेव्हां खात्यावर पत्ता लिहितांना वस्ती किंवा मळ्याचें नांव, टपाल कार्यालय व पिन क्रमांक टपालवाल्यास ओळखूं येईल असा लिहावा, आणि असें पत्र येणार आहे हें त्यास आधींच सांगून ठेवावें.